मांजरेतले पाणघोडे

लातूर जिल्ह्यात एके काळी पाणघोडे होते असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "कुठं, रेल्वेच्या टाकीत का?"

टोमणा बरोबर बसतो. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची 'जलदूत' यायला लागली. त्याआधीच शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचं १४४ कलम लागलं होतं. धनेगावच्या मांजरा धरणात गाळाला भेगा पडलेल्या, आणि नदीच्या पात्रात पोरांनी क्रिकेटची पिच केलेली. त्या उन्हाळ्यानंतर लातूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला ती रेल्वेच आठवते. खरं सांगायचं तर आम्हालाही आता आपण पिढीजात कोरडेच आहोत असं वाटायला लागलंय.

पण त्याच मांजरेच्या दरडीतून पाणघोड्याचे जीवाश्म निघालेले आहेत. हत्तीचे, रानबैलांचेही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या मंडळींनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हे खोरं पायी तुडवून काढलं. जी. एल. बदाम, शरद राजगुरू यांच्यासारखे जाणते त्यात होते, आणि विजय साठे यांनी तर मांजरा खोऱ्यातले जीवाश्म हाच आपल्या अभ्यासाचा विषय केला. आमच्याकडे त्याची फारशी कुणाला खबर नाही. पाणीटंचाईची बातमी पहिल्या पानावर येते, पाणघोड्याची कशाला येईल?

पाणघोडा दिसायला ढिम्म, पण साक्षीदार म्हणून फार उपयोगाचा. अंगावर केस जवळजवळ नाहीत, कातडी उन्हात सुकून तडकते, म्हणून दिवसभर पाण्यात बसून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर येऊन गवत चरायचं, अशी त्याची रीत. आफ्रिकेतला आजचा पाणघोडा एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातो. म्हणजे त्याला दोन गोष्टी हव्यातच: चालत जाण्याच्या टप्प्यात भरपूर चारा, आणि ऐन मे महिन्यातही अंग बुडेल एवढा डोह. गौरी-गणपतीत दुथडी वाहणारी आणि होळीला कोरडी पडणारी नदी त्याच्या काही कामाची नाही. आपल्याकडचा पाणघोडा आफ्रिकेतल्याहून वेगळा, हेक्साप्रोटोडॉन कुळातला. खालच्या जबड्यात पुढचे दात चाराऐवजी सहा. बाकी सवयी साधारण त्याच असणार.

कुणी म्हणेल, हाडं कुठून तरी वाहत आली असतील. येऊ देत की. मांजरेचा उगम पाटोदा तालुक्यातल्या गवखडीजवळ, बालाघाटच्या डोंगरात. लातूरला जे वाहत येईल ते बीडकडूनच येईल. तेव्हा या आक्षेपाने एवढंच सिद्ध होतं, की बीडलाही पाणघोडे होते.

माझा या हाडांशी पहिला संबंध आला तो मामांच्या घरी. मामांचं गाव मांजरेच्या काठावर. त्यांच्या ओसरीवरल्या देवळीत, चिमणीशेजारी, एक काळपट तपकिरी धोंडा ठेवलेला होता आणि त्याला हळदकुंकू लावलेलं. सोबत हाडाचा एक तुकडा. मामा म्हणाले, "वाळूत घावलं. लोक म्हनत्यात राक्षसाचं हाय. तू शिकलेला हाईस, तूच सांग."

धोंडा उचलला तर चांगलाच जड. वीतभर लांब, एका बाजूने तुटलेला. वरचा भाग सपाट झिजलेला आणि त्यावर आडव्या, नागमोडी, पांढरट रेघांची लांबट कडी. एकेक कडं म्हणजे एक पातं. शहाबादी फरशा दुकानात उभ्या टेकवून ठेवतात तशी ती पाती एकामागे एक लागलेली, आणि मधल्या फटी मऊ द्रव्याने लिंपलेल्या. पात्याच्या कडेचं एनॅमल सगळ्यांत टणक, ते कमी झिजतं. आतलं दंतद्रव्य आणि बाहेरचा लेप जास्त झिजतो. त्यामुळे दाढ जसजशी वापरावी तसतशी खरखरीतच राहते, जात्याला टाकी लावायची गरजच पडत नाही. बोट फिरवलं तर रेघा अजून हाताला लागत होत्या. हत्तीची दाढ. राक्षसाची म्हणणाऱ्यांचं फार चुकलं नव्हतं म्हणा.

हाडाच्या तुकड्याची परीक्षा मी जुन्या पद्धतीने केली, म्हणजे तुटलेली कड जिभेला लावली. पुरून राहिलेल्या हाडातला चिवट जैविक भाग निघून जातो, बारीक छिद्रं मोकळी होतात आणि ती जिभेचा ओलावा शोषून घेतात. दगड जिभेला लागून सुटतो, असं हाड चिकटून बसतं. ते चिकटलं. मामी माळकरी. त्यांनी हे दारातून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हाड चाटलास? मेल्या, आता आंघोळ केल्याशिवाय चुलीकडं फिरकू नकोस." केली आंघोळ.

हत्तीच्या दाढांची व्यवस्था मोठी गमतीची आहे. आपल्यासारखे दुधाचे दात पडून खालून नवे येत नाहीत. दाढ मागून पुढे सरकत येते, पुढच्या टोकाला झिजून तुकड्यातुकड्याने पडते, तोवर मागून दुसरी आलेली असते. असं आयुष्यात सहा वेळा. सहावी झिजली की संपलं. साठीच्या आसपास पोचलेला हत्ती मग चारा समोर असून उपाशी मरतो. म्हणून हाती आलेली दाढ कितवी आणि किती झिजलेली हे पाहिलं, की जनावर मेलं तेव्हा साधारण केवढं होतं हे सांगता येतं. जात ठरवायची तर पाती किती, एनॅमल किती जाड, त्याला चुण्या किती, हे मोजावं लागतं. अर्ध्या तुटक्या दाढेवरून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

त्याहून पुढची गोष्ट एनॅमलच्या आत असते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं हवेतला कार्बन एका रीतीने घेतात. झाडं, झुडपं, गहू, तांदूळ दुसऱ्या रीतीने. त्यामुळे त्यांच्यात जड कार्बनचं प्रमाण थोडं वेगळं उतरतं, आणि खाणाऱ्याच्या दातात ते कायमचं नोंदलं जातं. जनावर माळावर चरत होतं की झाडपाला ओरबाडत होतं, हे हजारो वर्षांनी त्यावरून कळतं. या हिशेबाने ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या पिढीचे दात उद्या कुणी तपासले, तर आम्ही गवतावर वाढलेल्यांत जमा होऊ, आणि पोळीवर वाढलेली आमची पोरं झाडपाल्यावाल्यांत.

मामांनी मग मला दरड दाखवली. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, त्यात चुनखडे पेरल्यासारखे, आणि अगदी तळाशी गोटे-वाळू चुन्याने बांधून घट्ट झालेला थर, ज्यावर टिकाव मारला तर खण्णकन वाजतो. हाडं बहुधा त्या तळच्या थरातून येतात. मराठवाड्याचा बाकीचा खडक जवळजवळ सगळा बेसॉल्ट, ज्वालामुखीच्या रसाचा. त्यात हाड मिळण्याचा प्रश्नच नाही. जे काही जपलं ते नद्यांनी जपलं. नदीत मेलेलं किंवा पुरात सापडलेलं जनावर गाळाखाली लवकर गाडलं गेलं, पाण्यात विरघळलेला चुना हाडांत मुरला, आणि दक्खनच्या पठाराची एवढी मोठी वही त्या चारदोन नद्यांच्या काठांवरच लिहिली गेली.

त्यातले चुनखडे महत्त्वाचे. जमिनीत मुरलेलं पाणी उन्हाने उडून जातं आणि चुना मागे राहतो, तेव्हा हे खडे तयार होतात. ओला आणि कोरडा असे दोन्ही ऋतू कडक असतील अशाच मुलखात ते होतात. बारमाही पावसाच्या जंगलात ते व्हायचे नाहीत. म्हणजे जी दरड पाणघोड्याची साक्ष देते, तीच दरड इथे तेव्हाही ऊन होतं हेही सांगते. 'पूर्वी मराठवाडा हिरवागार होता, घनदाट अरण्य होतं' असं भाषणात ठोकून देणाऱ्यांची तिने पंचाईत केली आहे, आणि 'आमच्या नशिबीच दुष्काळ' म्हणणाऱ्यांचीही. प्रदेश निमकोरडाच होता. माळरान होतं, गवत होतं, पाऊस आजच्यासारखाच चार महिन्यांचा असणार. फक्त नदीला डोह होते आणि ते उन्हाळा काढत होते. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते: पाऊस कमी असणं आणि नदी कोरडी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोदावरीकडे गेलं तर हा शोध बराच जुना. मुंगी-पैठण आपण एका दमात म्हणतो. त्यातल्या मुंगीला, नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ए. बी. विन यांना १८६५ साली अकीक दगडाची एक छिलका, म्हणजे पातळ कपची, मिळाली. माणसाने मुद्दाम काढलेली. रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती, म्हणजे भारताच्या अश्मयुगाची बाराखडी सुरू होत होती, आणि तिच्या पहिल्या काही अक्षरांत पैठणचा शेजार आहे. पैठणचा रेडा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. ही छिलका मात्र पैठणकरांनाही ठाऊक नाही. प्रवरेवरच्या नेवाशाला ह. धी. सांकळियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं तेव्हा तिथे प्राचीन रानबैलाची हाडं आणि दगडी हत्यारं दोन्ही मिळाली. जनावरांना पाहणारं माणूस काठावर हजर होतं.

वर नाशिककडे नांदूर मधमेश्वरचा बंधारा. आमच्याकडे हे नाव ऑगस्टमध्ये घरोघरी घेतलं जातं, कारण तिथून किती क्युसेकचा विसर्ग सुटला यावर जायकवाडीचा आकडा ठरतो आणि त्यावर पुढचं वर्ष. वरचे पाणी सोडत नाहीत, खालचे कोर्टात जातात. त्याच नांदूर मधमेश्वरच्या गोदाकाठच्या गाळात एका प्रचंड हत्तीची कवटी निघाली. भूवैज्ञानिक जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ साली तिच्यावर लिहिलं, आणि ती कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस. नर्मदेवरून पडलेलं नाव. कपाळावर पुढे आलेला जाड कंगोरा ही त्याची खूण. मानेचे स्नायू तिथे बांधलेले असत, कारण ते डोकं तोलणं सोपं नव्हतं. हा हत्ती खांद्यापाशी पाच मीटरच्या वर होता, जमिनीवरचा आजवरचा सर्वांत मोठा सस्तन प्राणी होता, असं अलीकडे बरंच लिहिलं जातं. तो अंदाज मांडीच्या हाडाच्या एका अपुऱ्या तुकड्यावर उभा आहे, तेव्हा जपूनच घ्यावा. आजचा आपला हत्तीचा नर पावणेतीन मीटर भरतो. त्याहून तो खूपच थोराड होता, एवढं धरून चालायला हरकत नाही. त्याच्या युरोपातल्या भाऊबंदांच्या हाडांतून डीएनए निघाला, तेव्हा नातं आफ्रिकेच्या जंगली हत्तीशी जास्त जवळचं निघालं. आपल्याकडच्या उष्ण मातीत डीएनए टिकत नाही, नाहीतर इथेही काय निघालं असतं कोण जाणे.

हत्तींचं आणखी एक चुलतं घराणं इथे होतं, स्टेगोडॉन. त्याच्या एका जातीला ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली या जोडीने 'गणेसा' म्हटलं. फाल्कनर डॉक्टर आणि सहारनपूरच्या बागेचा प्रमुख, कॉटली गंगेच्या कालव्याचा इंजिनिअर. शिवालिकच्या टेकड्यांत दोघे हाडं वेचायचे आणि नावं आपल्या देवांची द्यायचे. शिंगांच्या एका अजस्र जिराफवंशीयाला शिवथेरियम, तसंच हे. तर या गणेसाचे सुळे एकमेकांना इतके लागून होते, की मधून सोंड खाली सोडायला जागाच नव्हती. ती सुळ्यांच्या बाजूने, डावीकडे किंवा उजवीकडे टाकावी लागत असणार. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं मोठं, असं ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. मामींना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "मग देवळीत कुकू लावलं ते काय चुकलं?"

मोठ्या जनावरांचं कौतुक सगळेच करतात. मला त्यांच्याइतकंच कुतूहल एका चिमुकल्याचं आहे. लातूर रोडहून बीदरमार्गे जाणारी गाडी विकाराबादला पोचते, त्या भागात नास्कल नावाचं गाव आहे. दक्खनचा ज्वालामुखी एकसारखा ओकत नव्हता. मध्ये मध्ये थांबायचा, तेवढ्यात खडकावर तळी साचायची, गाळ बसायचा, मग पुढचा रस येऊन सगळं झाकायचा. नास्कलच्या अशाच एका झाकल्या गेलेल्या गाळातून, पोत्यांनी माती आणून, भिजवून, बारीक चाळणीतून गाळून, जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ साली एका सस्तन प्राण्याचे दात जगापुढे ठेवले. दात कसले, दोन मिलिमीटरच्या आतले कण. भारतात डायनोसॉरच्या काळातला सस्तन प्राणी सापडल्याची ती पहिली वेळ. त्याचं नाव त्यांनी डेक्कनोलेस्टिस ठेवलं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, ज्या लाव्ह्यावर आज आमची घरं, शेतं आणि बोअर आहेत तो वाहत असताना, एक चिचुंद्रीएवढा जीव किडे खाऊन राहत होता. डायनोसॉर गेले, अशा चिमुकल्यांच्या घराण्यांतले काही तरले. मांजरेचे हत्ती आणि पाणघोडे या गोष्टीच्या पार शेवटच्या पानावर येतात.

मग ते गेले कुठे? भारतीय उपखंडात गेल्या काही दशसहस्र वर्षांत नाहीशी झालेली मोठी सस्तन जनावरं मोजली तर थोडीच: तो नामाडिकस हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा, एक रानघोडा, रानबैल. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत याच सुमारास मोठ्या जनावरांची जवळजवळ झाडलोट झाली; आपल्याकडे वाघ, हत्ती, गेंडा, गवा राहिले. अभ्यासक याचं एक कारण असं देतात, की इथली जनावरं आणि माणसं लाखो वर्षं एकमेकांना ओळखत होती, दोन पायांच्या प्राण्यापासून लांब राहायचं हे त्यांना कळलेलं होतं. पाणघोडा मात्र पाण्याला बांधलेला. हिमयुगाच्या कडाक्यात, वीसेक हजार वर्षांपूर्वी, मोसमी पाऊस हटला, डोह एकमेकांपासून तुटले, आणि त्याला मधलं कोरडं अंतर ओलांडता येईना. शेवटचे काही कळप त्यानंतरही थोडे टिकले आणि गेले. माणसाने त्यात भर घातली का? घातली असेल. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणे लागतं. तिथल्या माणसांनी सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी केलेत. शहामृग खानदेशात! ज्या हातांनी अंडी गोळा केली त्यांनी बाकी जनावरांना सोडलं असेल असं मानायला मन धजत नाही.

रानबैलाची गोष्ट निराळी. बॉस नामाडिकस हे त्याचं शास्त्रीय नाव. तो रानातून गेला, पण त्याचा वंश आपल्या गोठ्यात आला. वशिंडाचं गाईगुरू माणसाळलं ते वायव्येकडे, बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या बाजूला, आठेक हजार वर्षांपूर्वी. तिथून फिरत फिरत आमच्या देवणीपर्यंत. मामांच्या दावणीला देवणी आहे, वानेरा वाणाची, अंग पांढरं आणि तोंडावर काळं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला मामा तूप-हळद घेऊन त्याच्या खांद्याशी बसतात तेव्हा मला नेवाशाच्या त्या हाडांची आठवण होते. युरोपात रानबैलांतली शेवटची गाय १६२७ साली पोलंडच्या जंगलात मेली. आपल्याकडे त्याचं नातवंड कडब्यावर डाफरत उभं असतं.

आता वाळू. हाडं बाहेर येतात ती बहुतेक वाळूमुळेच, आणि नासतातही वाळूमुळेच. पूर्वी पुराने दरड ढासळायची आणि एखादं हाड उघडं पडायचं. आता तराफे, केण्या, जेसीबी आणि रात्रीचे हायवा. तहसीलचं पथक आलं की तराफे जाळल्याची बातमी येते, आठ दिवसांनी नवे तराफे. वाळू ही नदीची साठवण. ओल तिच्यात राहते, डोह तिच्यामुळे टिकतात, काठच्या विहिरी तिच्यावर जगतात. ती उपसली की पात्रात उघडा खडक उरतो आणि पाणी आलं तसं पुढे जातं. वर मोटारी आहेत, बोअर आहेत, उसाची तहान आहे. पाणघोड्याचे डोह मोसमाने आटवले, ते आटायला हजारो वर्षं लागली. आमचे डोह एका पिढीत गेले.

हाडाचं नुकसान वेगळं. ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल होतं, ही त्याची अर्धी हकिकत. चाळणीवर आलेल्या हाडाला ती हकिकत नसते. मामांच्या देवळीतल्या दाढेचंही तेच झालंय. कुठल्या वळणावर सापडली एवढं कळतं, थर कुणी पाहिला नाही. ज्याने ती आणून दिली त्या वाळूवाल्या पोराला मी मुद्दाम गाठलं. विशीतला, मोबाइलवर रील बघत बसलेला. हाडं अजून निघतात का विचारलं.

"लई निघत्यात. गोट्यासंगं फेकून देतो."

निघाली तर हलवू नकोस, आधी जागेवरचा फोटो काढ, दरडीत दिसलं तर टिकाव लावू नकोस, मला फोन कर, असं सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, नंबर सेव्ह केला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "फोटू काढतो की, काका. लोकेशन बी पाठवतो. फक्त ते लोकेशन तहसीलदाराला दावू नका."